फिरोजाबादची फुंकणी

चुलीतला जाळ विझू लागला की घरातली बाई फुंकणी उचलते आणि दोन फुंकरांत तो पुन्हा पेटवते. तसलीच, पण चार-पाच फूट लांबीची लोखंडी फुंकणी मी गेल्या माघात तोंडाला लावली, तीही पन्नाशी उलटल्यावर. त्याची ही हकीकत.

कृषी महाविद्यालयातला माझा एक मित्र नोकरीच्या वाटेला न जाता घरची शेती पाहतो. त्याला बटाट्याची शीतगृहे पाहायची होती, म्हणून आम्ही दोघे आग्र्याला गेलो. काम आटोपून एक दिवस उरला. मित्र म्हणाला, "ताजमहाल सगळेच बघतात. आपल्या घरच्या बायकांच्या हातातल्या बांगड्या जिथून येतात, ते गाव बघू." आग्र्याहून फिरोजाबाद जेमतेम चाळीस किलोमीटर. बसने गेलो.

गावात शिरलो तो हातगाड्यांवर बांगड्यांचे ढीगच ढीग! बांगडी मात्र फुंकून होत नाही. वितळलेल्या काचेची तार फिरत्या दांड्यावर गुंडाळतात, ती कापून कडी मोकळी करतात आणि मग घरोघरी बायका ती दिव्याच्या ज्योतीवर जोडतात. फुंकून करतात त्या बरण्या, फुलदाण्या, दिव्यांच्या हंड्या.

बटाट्याच्या एका व्यापाऱ्याच्या ओळखीने आम्हाला एका लहान कारखान्यात जाता आले. वाळू, सोडा, चुनखडी आणि फुटक्या काचेचा चुरा भट्टीत सुमारे 1,400 अंशांवर वितळतो. पूर्वी या भट्ट्या कोळशावर चालत. ताजमहालाला धुराचा त्रास होतो म्हणून 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्या नैसर्गिक वायूवर आल्या. मित्राला आपल्या तळेगाव दाभाड्याची आठवण झाली. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून 1908 साली तिथे काचेचा कारखाना निघाला होता.

भट्टीपाशी आमच्याच वयाचा एक कारागीर होता. त्याने फुंकणीचे टोक भट्टीत बुडवले, काकवीसारखा लालभडक गोळा उचलला, लोखंडी पाट्यावर लोळवला, हळूच फुंकर घातली आणि बघता बघता त्याची बरणी केली. आमचे डोळे पाहून तो हसला. "बाबूजी, आप भी देखिए."

आधी मी पुढे झालो. तो म्हणाला, "धीरे फूंकिए, और घुमाते रहिए." सोपे वाटले. मी गाल फुगवून फुंकले, काच हलेना. आणखी जोर केला. त्या नादात फुंकणी फिरवायची राहिली. गोळा एका अंगाला ओघळला, तिथे पापुद्र्यासारखा पातळ झाला आणि फट्‌कन फुटला. मित्राचेही तसेच झाले.

कारागीर रागावला नाही. त्याने पुन्हा गोळा उचलून दिला, माझ्या मागे उभा राहिला आणि फुंकणीवरच्या माझ्या हातांवर आपले हात ठेवले. त्याच्या हातांबरोबर माझे हात फिरू लागले. मग त्याने खांद्यावर बोट टेकवले, तेवढ्यापुरती फुंकर. बोट उचलले की थांबायचे. 'धीरे' म्हणजे किती, ते तेव्हा कळले. तयार झाला तो वाकडातिकडा भोपळाच, पण फुटला नाही. तो लगेच हाती मिळाला नाही. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाणी उडाले की ती तडकते ना, तसेच हे. काच सावकाश निववावी लागते. आम्ही रात्री तिथेच मुक्काम केला आणि सकाळी भोपळा घेतला.

परतीच्या गाडीत मी गप्प होतो. मित्राने विचारले तेव्हा सांगितले. दोन वर्षांपूर्वी माझ्या भागातल्या एका शेतकऱ्याचे सोयाबीन नीट उगवले नाही. मी सभेत रायझोबियमची बीजप्रक्रिया सांगितली होती, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. माहितीपत्रकही दिले होते. त्याने बियाणे खसाखसा चोळले. सोयाबीनची साल नाजूक. ती सुटली आणि दुबार पेरणीची पाळी आली. तो विचारायला आला तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "हलक्या हाताने चोळा, असे पत्रकात छापले आहे. वाचता येत नाही का?"

हलक्या हाताने म्हणजे किती, ते मी त्याला कधी दाखवले होते?

यंदा मृगाच्या आधी मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. आधी त्या दिवसाच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मग गुळाच्या पाण्यात पावडर कालवली आणि त्याच्या हातावर हात ठेवून बियाणे चोळले. त्याची घरधनीण पाहत होती. ती म्हणाली, "भाऊ, सरका जरा." तिने सुपात बी घेतले आणि खालीवर करत असे काही हळुवार माखले, की एका दाण्याची साल हलली नाही. मी तिच्याकडून ते शिकून घेतले. बी सावलीत सुकवले आणि त्याच दिवशी पेरले.

काचेचा तो भोपळा माझ्या टेबलावर आहे. कोणी शेतकरी "साहेब, जमलं नाही" म्हणत आला, की माझी नजर आधी त्याच्याकडे जाते. मग मी चपला घालतो आणि त्याच्याबरोबर शेतावर जातो.