चेन गप्प झाली हो!

मंडळी, सायकलच्या टायरला आवाज असतो! डांबरावर बारीक सळसळ, काँक्रीट लागलं की जरा घोगरा. रविवारी सकाळी खडकवासल्याच्या रस्त्यावर मला तो ऐकू आला आणि मी एकटाच खुळ्यासारखा हसलो. इतकी वर्षं गिअरची सायकल दामटतोय, पण चेनची चिवचिव, मागची खडखड आणि चढावर दर पेडलला येणारा ‘टक्’ यांच्या गोंगाटात टायरला बोलायची संधीच नव्हती.

ही किमया माझ्या भाचीची. कॉलेजात जाते, आणि सायकलपुढे तिला मामा-बिमा काही दिसत नाही. पावसाळा सरल्यावर आली, मागचं चाक उचलून पेडल फिरवलं आणि म्हणाली, “मामा, ही रडतेय रे! पान्हे आण. आणि जुना बनियन.”

आणि मग तिने मला चेन दाखवली. म्हणजे खरोखर दाखवली! बाजूच्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, तिच्याभोवती गरगरणारा इवलासा रोलर. दर अर्ध्या इंचावर एक, अख्ख्या चेनमध्ये शंभरावर! हान्स रेनॉल्ड नावाच्या माणसाने १८८०मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं, आणि आपण आजही त्याच कल्पनेवर पेडल मारतोय. आता गंमत ऐका. झीज होते ती आत, पिनेपाशी, जिथे नजर पोचत नाही. म्हणजे तेल हवं तेही आतच. बाहेरच्या पट्ट्यांवर चकाकणारं तेल फक्त धूळ गोळा करतं, आणि तेल-धुळीचा तो काळा राप पॉलिशपेपरसारखा चेनलाच घासत बसतो.

म्हणून आधी धुणं. डिझेल, जुना टूथब्रश, मग साबणाचं पाणी, मग खडखडीत वाळवणं. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे मी हौसेने पुढे केला, तर भाचीने तो काढूनच घेतला: तो मळ सोडवतो आणि उडून जातो, चेनला लागतं ते टिकणारं तेल. पावसात जाडसर ‘वेट’, कोरड्या धुळीत ‘ड्राय’. चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरच्या दोन चिमुकल्या चाकांवरून आम्ही स्क्रू-ड्रायव्हरने जे खरवडून काढलं त्याचं वर्णन जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी गाळतो.

मग तो सोहळा! चेनचा खालचा पदर, त्याची आतली बाजू, आणि एका रोलरवर एकच थेंब. पेडल उलटं फिरवत पुढचा रोलर, पुढचा थेंब. शंभरावर थेंब! कंटाळा येईल असं वाटतं ना? मला तर थांबवेना. त्यानंतर पेडल नुसतंच फिरवत राहायचं, तेल आत झिरपू द्यायचं, आणि शेवटी बनियनच्या चिंधीने चेन चिमटीत धरून बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. सगळं! आत्ताच प्रेमाने घातलेलं तेल पुसताना जीव तुटतो, पण आतलं आतच राहतं.

चिवचिव गेली. खडखड मात्र होतीच, आणि ती निघाली गिअरची. चेन मागच्या एका दातेरी चक्रावर नीट न बसता शेजारच्या चक्राला खेटत होती. शिमानोने १९८४मध्ये ड्युरा-एस या आपल्या संचावर ‘क्लिक’वाले गिअर आणले, त्याआधी सहसा खटका अंदाजाने सरकवून कानाने गिअर लावावा लागे. आता क्लिक आपोआप जागा शोधते, पण केबलचा ताण बरोबर असेल तरच. आणि तो ताण बदलतो मागच्या डिरेलरपाशी केबल शिरते तिथल्या गोल नळकांड्याने, नुसत्या बोटांनी! चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरली तर ते मागून पाहून डावीकडे, लहान चक्रावर उतरायला कुरकुरली तर उजवीकडे, एका वेळी पाव फेरा. मी पाव फेरा दिला. खडखड... खड... आणि बंद! रेडिओचं स्टेशन लागावं तसं. मी मुद्दाम उलटं फिरवून ती परत आणली, परत घालवली. भाचीने कपाळाला हात लावला.

उरला ‘टक्’. तो चेनचा नव्हताच, पेडलचे आटे कोरडे पडले होते. काढून ग्रीस लावलं, घट्ट केलं. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते सुटतं घड्याळाच्या दिशेने, हे ठाऊक नसेल तर पान्ह्यावर उभं राहूनही हलत नाही.

एक मात्र भाची बजावते: झिजलेल्या चेनला कुठलंच तेल वाचवत नाही. साधी फूटपट्टी लावायची. नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरतात. एक षोडशांश इंच जास्त भरले की चेन बदला; एक अष्टमांशापर्यंत ताणलंत तर मागचे दातेही बहुधा गेले. माझी अजून हद्दीत आहे. तपासली, दोनदा.

आणि आता, इतर सगळं गप्प झाल्यावर, सीटखालून एक कुरकुर ऐकू यायला लागलीय! उभं राहून पेडल मारलं की थांबते, बसलो की सुरू. म्हणजे बहुधा सीटपोस्ट, सीटचा दांडा. भाचीला फोन केला तर म्हणते, “अ‍ॅल्युमिनियमचा आहे ना? काढ, पूस, ग्रीस लाव. आधी उंचीची खूण मात्र करून ठेव.” पान्हे बाहेरच आहेत. बनियन संपलेत.