साधी नळी

मणका मोडलेल्या माणसाला भेटायला आलेला प्रत्येकजण आधी त्याच्या पायांकडे बघतो. पाय हलतात का, बोटं हलतात का, मालिश चालू आहे का. लघवीचं कोणी विचारत नाही. पण अशा माणसाने जगायचं किती आणि कसं, हे पायांपेक्षा लघवीवर जास्त ठरतं. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात चाकाच्या खुर्चीवर इतकी वर्षं काढल्यावर हे मी ठामपणे सांगतो.

विहिरीच्या कामावर क्रेनचा दोर तुटला तेव्हा मी ऐन विशीत होतो. दवाखान्यात पहिली नळी बसली. तिच्या आतल्या टोकाला फुगा, बाहेर लांब पिशवी. घरी सोडताना ‘बदलत राहा’ एवढंच सांगितलं. पाहुणे आले की माय त्या पिशवीवर टॉवेल टाकायची. थंडी वाजून ताप भरायचा, गाळ साचून नळी तुंबायची आणि रात्री-अपरात्री कोणाची तरी जीप शोधावी लागायची. शेजारपाजारचे मायेने सांगायचे, ‘पाणी कमी पीत जा बाबा.’ त्याहून वाईट सल्ला मला आजवर कोणी दिलेला नाही.

चुलत्यांनी मला देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला नेलं. हाजी अलीजवळ 1955 सालापासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून माझ्याच शरीराची मला ओळख करून दिली. लघवीची पिशवी भरली की ती खबर मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते आणि मेंदूचा होकार त्याच वाटेने खाली येतो. पिशवी सांभाळणारं केंद्र मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाशी असतं, आणि ते टोक कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतं. माझा मार नेमका तिथेच होता. त्यामुळे पिशवी सैल पडली. ती भरली तरी कळत नाही, आकुंचन पावत नाही. काठोकाठ भरली की थेंब थेंब गळते. बघणाऱ्याला वाटतं लघवी होतेय, आत मात्र ती तुंबलेलीच असते. मार त्याहून वर असेल तर उलटं होतं. पिशवी मनाला येईल तेव्हा आवळते आणि त्याच वेळी खालचा स्नायूही आवळून धरतो. आमच्या सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे पुरात उघडले नाहीत तर पाणी मागे चढत जाईल, तशी ही लघवी मूत्रपिंडांकडे चढते. मणक्याच्या मारातून वाचलेली किती माणसं पूर्वी पुढे मूत्रपिंडं निकामी होऊनच जायची.

त्याच बाईंनी साधी नळी हातात दिली. फुगा नाही, पिशवी नाही. साबणाने हात धुवायचे, जेली लावून नळी घालायची, लघवी पूर्ण निघाली की काढून टाकायची. चार ते सहा तासांनी पुन्हा. एका वेळी 400-500 मिलीच्या वर साचू द्यायची नाही. सुरुवातीला हात थरथरायचे, पण लवकरच ते अंघोळीइतकं रोजचं झालं. ताप पूर्ण गेला नाही, पण क्वचित येऊ लागला.

मिशिगन विद्यापीठाच्या जॅक लॅपिडीस या डॉक्टरांनी 1972 साली ही रीत मांडली. तोवर नळी घालणं म्हणजे निर्जंतुक हातमोजे आणि दवाखान्याचं काम. लॅपिडीस म्हणाले, स्वच्छता पुरे, पेशंटने स्वतःच करावं. कारण ताणलेल्या पिशवीच्या भिंतीला रक्त कमी पोचतं आणि मग जंतू तिथे ठाण मांडतात. त्याच 1972 साली, 1965च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. त्यांच्या पदकाबद्दल आता सगळ्यांना माहीत आहे. लॅपिडीस यांचं नाव आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही, पण माझ्यासारख्यांना घराबाहेर काढलं ते त्यांनी.

हळद विकायला मी हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात स्वतः जातो. टेम्पोच्या केबिनला पडदा लावतो, डबा काढतो, काम उरकतो आणि लिलावाला हजर होतो. यार्डात खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह असतं तर पडदा लागला नसता. बायांचं काय होत असेल, या विचाराने मला राग येतो. गावोगावी अशा लेकीबाळी केवळ यापायी लग्नाला जात नाहीत, जत्रेला जात नाहीत.

आणि हे फक्त मणका मोडलेल्यांचं नाही. वर्षानुवर्षं शुगर असलेल्यांच्याही लघवीच्या पिशवीच्या नसा मरतात. धार बारीक झाली, तासन्‌तास लघवीची जाणीव होत नाही, तरी ‘वय झालं’ म्हणून म्हातारी माणसं गप्प राहतात. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या लेकरांचंही तेच. त्यांच्या आयांना ही नळी पहिल्या वर्षातच शिकवायला हवी.

2024 साली हिंगोलीला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथे एक खोली आणि शिकवणारी एक सिस्टर द्यावी, साध्या नळ्या फुकट मिळाव्यात, ही माझी मागणी आहे. आणि तुमच्या गल्लीत कोणी खाटेवर असेल तर त्याला पायांच्या आधी लघवीचं विचारा. पाणी बंद करू नका म्हणावं. लघवी गढूळ होऊन ताप आला तर लगेच दवाखाना गाठा, आणि काहीही त्रास नसला तरी वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या.