हाकेला ओ

‘मौनं सर्वार्थ साधनम्’ हे आपल्याला लहानपणापासून ऐकवतात, आणि तेही बहुधा मुलींनाच! आमच्या मूलकडे मात्र उन्हाळ्यात रानात गप्प राहणं जिवावर बेतू शकतं.

मार्च लागला की मोह गळू लागतो. फुलं रात्री-पहाटे पडतात, उशीर केला तर जनावरं खाऊन जातात. म्हणून खेड्यांतल्या बायका झुंजुमुंजूलाच टोपल्या घेऊन निघतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. दोन्ही कामं वाकून करायची, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटू शकतं, असं वनखात्याचे लोकही सांगतात. १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तिघीजणी एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

मग जातातच कशाला, असं शहरातली माझी नणंद विचारते. वाळवलेल्या मोहाचे पैसे येतात, म्हणून!

माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी म्हणतात, “चूप राहून जमत नाही, बाई. बोलत राहा लागते.” बोलायचं काय? सुनेचं, भाजीचं, काहीही. पलीकडच्या झाडाखालची अजून आहे, एवढं कळलं म्हणजे झालं. हाकेला ओ आली नाही, की सगळ्या काम टाकून उभ्या राहतात.

पण वानर खेकसलं किंवा चितळ ओरडलं, की त्याच बायका एकदम चूप. कोणत्या अंगानं आवाज आला, पुन्हा येतो का, सगळं कानांवर. “तवा जे बोलते, तिले आमी संगं नेत नाही,” मावशी ठसक्यात सांगतात.

आमच्या घरी बघावं, तर मी स्वयंपाकघरातून हाक मारते आणि हे मोबाईलमधून मान वर न करता ‘हं’ म्हणतात. ‘हं’ म्हणजे काही ओ नव्हे! हल्ली मी उत्तर येईपर्यंत पुढचं वाक्य बोलतच नाही. भाजी करपली तरी चालेल.

मी अर्धवेळ शिकवते ती शाळा रानाकडच्या रस्त्यावर आहे. मोहाच्या दिवसांत सकाळच्या शाळेत एक मुलगी खिडकीशी बसते. फळ्याकडे तिचं लक्ष नसतं. नवाच्या सुमाराला रस्त्यावर बायकांचा गलका ऐकू येतो, तशी ती पुस्तक उघडते. तोवर मी तिला प्रश्न विचारत नाही.