म्हाताऱ्यांनी घरी नेलेलं जहाज

अब्बा मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये होते. ज्या जहाजावर त्यांनी नऊ वर्षं काढली, ते मुंबईच्या दारूखान्यात तोडायला आलं. अब्बा एकदा जाऊन पाहून आले आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. अमेरिकेच्या एल.एस.टी. ३२५ ची हकीकत वाचताना मला ते दोन दिवस आठवत राहिले.

फिलाडेल्फियाच्या गोदीतून हे जहाज ऑक्टोबर १९४२ मध्ये पाण्यात उतरलं. लांबी ३२८ फूट, तळ सपाट, तोंडाला दोन मोठे दरवाजे. भर समुद्रात पोटातल्या टाक्यांत पाणी भरायचं, किनारा जवळ आला की ते उपसून टाकायचं. हलकं झालेलं जहाज थेट वाळूवर चढायचं, दरवाजे उघडायचे, रणगाडे खाली उतरायचे. परतीसाठी मागचा नांगर आधीच समुद्रात टाकलेला असायचा. त्याची तार गुंडाळत जहाज स्वतःला मागे ओढून घ्यायचं. चाल मात्र अगदी संथ. शत्रूला आयतं निशाण, अशी थट्टा त्यावरचे खलाशीच करायचे.

सिसिली, सालेर्नो, मग नॉर्मंडी. ७ जून १९४४ ला ते ओमाहा किनाऱ्यावर होतं. पुढे महिनोन्‌महिने इंग्लंड-फ्रान्स फेऱ्या: जाताना गाड्या आणि दारूगोळा, येताना जखमी. त्याच डिसेंबरात 'एम्पायर जॅव्हलिन' हे सैनिकांनी भरलेलं जहाज बुडू लागलं, तेव्हा ३२५ ने सुमारे ७०० जणांना वाचवलं. युद्धाच्या पुस्तकात याला एखादी ओळ मिळते. मला विचाराल तर जहाजाची खरी कमाई हीच.

युद्धानंतर काही वर्षं आर्क्टिककडची कामं झाली. १९६४ मध्ये ते ग्रीसला गेलं, 'सिरोस' नावाने १९९९ पर्यंत राबलं.

आणि मग २००० साली काही निवृत्त अमेरिकन खलाशी क्रीटला पोहोचले. सरासरी वय ७२. गंजलेलं जहाज त्यांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडू नका, असं सरकारी माणसं बजावत होती. कप्तान रॉबर्ट जॉर्नलिन आणि मंडळी निघालीच. १० जानेवारी २००१ ला जहाज अलाबामातल्या मोबिल बंदरात शिरलं. आता ते इंडियानातल्या इव्हान्सविलला असतं, लोक तिकीट काढून पाहतात.

हे सगळं मी अब्बांना वाचून दाखवलं. नॉर्मंडीवर ते काही बोलले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "इंजिनावर कोण होतं?"

"तुमच्याच वयाचे म्हातारे," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि जहाजाचा फोटो पुन्हा मागून घेतला.