वीतभर मातीतली अडीच लाख वर्षे

ऑक्सफर्डला जाणारा माणूस कॉलेजांचे मनोरे पाहतो, एखाद्या हिरवळीच्या कडेला उभा राहून फोटो काढून घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने लंडनला परततो. आम्हीही तेच करणार होतो. पण पॅडिंग्टनहून निघालेली गाडी तासाभरात ऑक्सफर्डला पोहोचली, तेव्हा तेथे आपल्या श्रावणासारखी पिरपिर चालली होती. श्रावणातले ऊन तेवढे नव्हते. माझा भाचा म्हणाला, "मामा, तुम्हांला ती वीट पाहायचीच आहे ना? मग आधी म्युझियम करू. तिकीट नाही, आणि डोक्यावर छप्पर आहे."

त्या विटेसाठीच मी ऑक्सफर्डचा हट्ट धरला होता. हट्टामागे एक जुनी बाकी होती. ती आधी सांगतो.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी रामकथेवरचे एक आख्यान शिकवताना ओघात सांगून गेलो, की विश्वामित्र रामाला मागायला येतात तेव्हा दशरथ आपले वय साठ हजार वर्षे सांगतो. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, हे खरे नव्हे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार. मग त्याने लिहिले कशासाठी?" प्रश्न सरळ होता आणि उत्तर मला येत नव्हते. मी म्हणालो, "त्या काळी परीक्षा नव्हत्या ना, म्हणून माणसे पुष्कळ जगत!" वर्ग खदखदून हसला. मुलगी खाली बसली. त्या वर्षात तिने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. माझा विनोद मुलांनी बरेच दिवस एकमेकांना सांगितला; मला तो अजून बोचतो.

पुढे केव्हातरी सुमेरच्या राजांच्या यादीविषयी वाचनात आले आणि वाटले, दशरथाचे वय ज्यांच्यापुढे पोरवय ठरावे असे राजे येथे रांगेने उभे आहेत; त्या मुलीचे उत्तर मिळाले तर येथेच मिळेल.

अॅशमोलियन म्युझियम लोकांसाठी उघडले ते १६८३ साली. आजची ब्यूमाँट स्ट्रीटवरची खांबांची इमारत १८४५ सालची. शेजारी इजिप्तची दालने आहेत आणि गर्दी तिकडे असते, कारण ममीपुढे मातीचा निभाव लागत नाही. पश्चिम आशियाच्या दालनात काचेमागे आमची वीट उभी होती. उंची सुमारे वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. चार बाजू, प्रत्येक बाजूवर दोन रकाने आणि त्यांत बोरूच्या टोकाने उठवलेली, पाखरांच्या पावलांसारखी दाट कीलाक्षरे. वरून खालपर्यंत आरपार भोक आहे. त्यात काठी घालून वीट उभी करायची आणि फिरवीत वाचायची, अशी सोय. हर्बर्ट वेल्ड ब्लंडेल या गृहस्थांनी इराकमधून मिळवलेली ही वीट १९२३ साली म्युझियमकडे आली. त्याच वर्षी स्टीफन लँग्डन यांनी तिच्यावरचा मजकूर छापला. ती लिहिली गेली इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमारास.

मजकूर म्हणजे नुसती यादी. राजेपण स्वर्गातून खाली आले ते प्रथम एरिदू नगरात, अशी सुरुवात. तेथे अलुलिम राजाने राज्य केले २८,८०० वर्षे. त्याच्यामागून अलल्गरने ३६,००० वर्षे. मग राजेपण बाद-तिबिरा या गावी गेले. तेथल्या एन्मेन्लुआनाने ४३,२०० वर्षांची मजल मारली. पाच नगरे, आठ राजे आणि एकूण २,४१,२०० वर्षे. त्यानंतर महापूर येऊन सारे धुऊन गेले. राजेपण पुन्हा स्वर्गातून उतरले ते किश नगरात. पण आता आयुष्ये आटली. एताना या राजाची १,५०० वर्षे, एन्मेबारागेसीची ९००, त्याचा मुलगा अग्गा याची ६२५. पुढे उरुकमध्ये प्रसिद्ध गिल्गमेश येतो, त्याच्या वाट्याला अवघी १२६. आणि त्याच्या मुलाला फक्त ३०. म्हणजे बापाने शतक ओलांडले आणि मुलगा तुमच्याआमच्यासारखा पेन्शनीच्या बेतात आला!

भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "मामा, वर्ष म्हणजे महिना धरला असेल. भागाकार करून टाका."

हा भागाकार पुष्कळांनी करून पाहिला आहे, आणि पहिल्या आठ राजांपुरता तो मोठा मोहक आहे. सुमेरी लोक साठाच्या पाढ्याने मोजत. सहाशे म्हणजे एक नेर, साठ गुणिले साठ म्हणजे ३,६०० चा एक शार. विटेवर अठ्ठावीस हजार आठशे असा आकडा नाहीच. शारची खूण आठ वेळा उठवली आहे. अलल्गरचे दहा शार, एन्मेन्लुआनाचे बारा. शार म्हणजे एक वर्ष म्हटले की आठ, दहा, बारा वर्षांची अगदी बेताची राज्ये होतात. पण पुरानंतर हा हिशेब कोलमडतो. सव्वासहाशेला छत्तीसशेने भागून काय उरणार? महिने धरले तरी एतानाची सव्वाशे वर्षे होतात. शिवाय किशच्या तेवीस राजांची बेरीज लिहिताना लेखकाने २४,५१० वर्षे, तीन महिने आणि साडेतीन दिवस असा बारकावा दिला आहे. ज्याला अर्धा दिवस कळतो त्याला वर्ष आणि महिना यांतला फरक कळत नव्हता, असे म्हणणे हा त्याचा अपमान आहे.

मग हे राजे नुसते काल्पनिक का? तेही म्हणता येत नाही. नऊशे वर्षांच्या एन्मेबारागेसीचे नाव दगडी भांड्यांच्या तुकड्यांवर कोरलेले सापडले. ते त्याचेच हे १९५९ साली एड्झार्ड या जर्मन पंडिताने दाखवून दिले. माणूस खरा, वर्षे मात्र खोटी! ज्या एरिदूचा मान यादीने पहिला धरला, तेथे फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी १९४६ ते १९४९ या काळात खोदकाम केले. देवळाखाली देऊळ, त्याखाली आणखी देऊळ असे थर उलगडत गेले, आणि तळाशी एका लहानशा खोलीएवढे देवस्थान निघाले. यादी लिहिली गेली त्याच्याही साडेतीन हजार वर्षे आधीचे. एरिदू फार जुने आहे ही लोकांची आठवण खरी होती. किती जुने, हे सांगायला मात्र कोणापाशी आकडा नव्हता.

मला वाटते, सारी किल्ली येथेच आहे. सुमेरमध्ये वर्षाला क्रमांक देण्याची रीत नव्हती. वर्षाला नाव असे: अमका कालवा खणला ते वर्ष, अमका तट पाडला ते वर्ष. आपल्याकडे आजी 'प्लेगच्या साली' म्हणत असे किंवा पुणेकर 'पानशेत फुटले त्या वर्षी' म्हणतात, तसेच. राजा किती वर्षे गादीवर होता हे सांगायला अशा नावांच्या याद्या जपाव्या लागत, आणि ही पद्धत अक्कडच्या सारगॉन राजाच्या सुमारास रुळू लागली. आता यादीकडे पाहा. सारगॉनला वर्षे आहेत ५६. त्याच्या एका मुलाला नऊ, दुसऱ्याला पंधरा. पुढे उरच्या उर-नम्मूला अठरा आणि त्याच्या नातवाला नऊ, आणि हे आकडे इतर लेखांशी जुळतात. कागद होता तेथे लेखकाने चोख हिशेब लिहिला. कागद नव्हता तेथे त्याने शारची खूण उठवली. अक्कडच्या पडत्या काळात तर कोण राजा आणि कोण नव्हे असा प्रश्न तो स्वतःच विचारतो. असा माणूस थापाड्या नव्हे.

शारची खूणच का? कारण तो त्यांच्या मोजण्यातला भरलेला, पुरा आकडा. आपण 'हजारो वर्षे' म्हणतो तेव्हा कोणी पावती मागत नाही. राजा जितका देवांच्या जवळचा तितके त्याचे माप मोठे, आणि आपल्याकडे येऊ लागला की माप लहान. पुरानंतरच्या काही आकड्यांतही हौस दिसते: ९०० म्हणजे तीसचा वर्ग, ६२५ म्हणजे पंचविसाचा, उरुकच्या पहिल्या राजाची ३२४ वर्षे म्हणजे अठराचा. शाळेत साठाचे पाढे घोकलेल्या लेखकांचे हे काम आहे. पुढे बेरोसस नावाच्या बाबिलोनी पुजाऱ्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हीच कथा ग्रीक भाषेत लिहिली. त्याने पुरापूर्वीचे राजे दहा धरले आणि त्यांचे शार एकशेवीस. म्हणजे ४,३२,००० वर्षे! आपल्या पंचांगात कलियुगाची वर्षे तेवढीच आहेत, हे वाचकांना सांगायला नको. साठाचा तीनदा गुणाकार करून दुप्पट केली, की हा आकडा येतो. साठ घटकांचा दिवस आणि साठ पळांची घटका मानणाऱ्या आपल्या आजोबांना त्यात काहीच परके वाटले नसते.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर त्या मुलीला अर्धेच उत्तर मिळाले असते. 'कशासाठी?' हा तिचा शब्द होता.

ही यादी सांगते, की पृथ्वीवर एका वेळी एकच राजेपण असते आणि ते एका नगरातून दुसऱ्या नगरात जाते. हे खरे नव्हते. सुमेरची नगरे शेजारी शेजारी आणि एकाच वेळी नांदत. एका जुन्या सुमेरी काव्यात किशचा अग्गा उरुकला वेढा घालतो आणि गिल्गमेश त्याला तोंड देतो. यादीप्रमाणे मात्र अग्गानंतर गिल्गमेश गादीवर येईपर्यंत मध्ये चार राजे आणि २,०४४ वर्षे जातात. समोरासमोर लढलेल्या दोघांना लेखकाने एकामागे एक उभे केले! एक रांग हवी होती, कारण रांगेच्या शेवटी इसिन नगरचे राजे उभे आहेत. जे राजेपण स्वर्गातून एरिदूला उतरले तेच आज आमच्या हाती आहे, असे त्यांना म्हणायचे होते. याच यादीची उरच्या शुल्गी राजाच्या काळातली एक जुनी प्रत पिओत्र स्टाइनकेलर यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. तीत पुरापूर्वीचे आठ राजे नाहीतच. तिची सुरुवात किशपासून आहे. म्हणजे अडीच लाख वर्षे मागाहून जोडलेली. सिंहासन जितके नवे, तितकी वंशावळ लांब, हा नियम तेव्हापासूनचा आहे!

आणि या रांगेत लगाश नावाचे मोठे, बलाढ्य नगर कोठेच नाही. त्याला वगळले. लगाशच्या कोणा लेखकाने मग आपल्या राजांची स्वतंत्र यादी लिहिली. तिची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीत तो म्हणतो, की पूर्वीच्या काळी मूल शंभर वर्षे लंगोटातच असे आणि त्यापुढची शंभर वर्षे त्याला कोणी काही काम सांगत नसे. ती थट्टाच आहे असे अनेक जाणकारांचे मत आहे, आणि मलाही तसेच वाटते. म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी माझ्यासारखाच एक जण या आकड्यांना हसला होता. फरक एवढाच, की तो सत्तेच्या आकड्याला हसला आणि मी एका मुलीच्या प्रश्नाला.

बाहेर पाऊस थांबला होता. म्युझियमच्या दुकानातून मी एक कार्ड घेतले. ती मुलगी आता एका शाळेत शिक्षिका आहे आणि दर दिवाळीला न चुकता मला शुभेच्छा पाठवते. कार्डाच्या पाठीमागे जागा थोडी होती, म्हणून अक्षर बारीक काढले: "तुमचा प्रश्न बरोबर होता, माझा विनोद चुकला. मोठा आकडा दिसला की तो खरा की खोटा एवढेच विचारून थांबू नये. तो कोणी मोजला, कोणासाठी मोजला आणि मोजताना कोणाला वगळले, हेही विचारावे. तुमच्या वर्गात कोणी असे उभे राहिले, तर त्याला बसवू नका."

भाच्याने खांद्यावरून वाचले. "मामा, इतक्या वर्षांनी उत्तर?"

मी म्हटले, "अरे, अलुलिमच्या हिशेबाने फारसा उशीर झालेला नाही."