झिजलेला टायर

जोंवर चालतें तोंवर चालवावें, हें आमच्या बीड जिल्ह्याचें जणूं अर्थशास्त्रच आहे. आणि ज्या मुलुखांत पावसाचा भरंवसा नाहीं तेथें तें असावें, यांत नवल तें काय! येथें जुन्या लुगड्यांची वाकळ होते, फुटक्या घागरीस डाख लागतो आणि तुटलेल्या वहाणेस तिसऱ्यांदा टांका पडतो. या काटकसरीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु सायकलीच्या टायराची गोष्ट निराळी. वाकळ विरली तर थंडी वाजेल, घागर गळली तर पाणी सांडेल. टायरावर मात्र मनुष्य बसलेला असतो, आणि पुष्कळदां तो शाळेंत जाणारा मुलगा किंवा मुलगी असते. म्हणून टायर कोठवर सांधावा आणि केव्हां टाकावा, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळांची समजूत अशी कीं, टायर म्हणजे रबर. वस्तुतः टायराचा जीव कापडांत असतो. डनलॉप नामक जनावरांच्या डॉक्टरानें १८८८ सालीं बेलफास्ट येथें हवेच्या टायराचें पेटंट घेतलें. (थॉमसन यानें हीच कल्पना १८४५ सालीं नोंदविली होती, पण लोक ती विसरून गेले होते.) त्या वेळींही रबराची नळी कापडाच्या वेष्टनांत कोंडलेली होती, आणि आजही तत्त्व तेंच आहे. आंतील हवा बाहेर फुटूं पाहते. तिला आवरून धरतात ते एकमेकांवर तिरपे घातलेले धाग्यांचे थर. रबर हा त्या धाग्यांचा जोडा होय. तो रस्त्याशीं घांसतो, झिजतो आणि धाग्यांस संभाळतो. जोडा झिजला तरी चालतें. पाय झिजून कसें चालेल?

एवढें ध्यानांत आलें म्हणजे निर्णय बराच सोपा होतो. मधली नक्षी पुसली गेली, टायर गुळगुळीत व चपटा दिसूं लागला, तर घाबरण्याचें कारण नाहीं. कोरड्या सडकेवर तो आणखी कांहीं दिवस सेवा करील. परंतु रबराखालून धागे डोकावूं लागले, कडेस फुगवटा आला, किंवा रिमेंत बसणारी तार तुटली, कीं त्याच दिवशीं तो उतरवावा. फुगवटा म्हणजे तेथील धागे तुटले असून ट्यूब आतां रबराच्या पातळ पडद्याआड कशीबशी थांबली आहे. तुटलेली तार कोणी दुसऱ्या तारेनें बांधून वेळ मारून नेतात. असली दुरुस्ती आमच्या मतें दुरुस्ती नव्हेच.

उलटपक्षीं, वारंवार पंक्चर होतें एवढ्यावरून टायरास दोष देणें अन्यायाचें आहे. बालाघाटाच्या वाटांवर बाभळीचा काटा नव्या टायरांतूनही आरपार जातो. वेड्या बाभळीचें तर बोलावयासच नको. ट्यूब पाण्यांत बुडवून बुडबुडे पाहिले, जागा घांसली, सोल्यूशन लावलें, ठिगळ बसविलें. पण टायरांत रुतलेला काटा तसाच राहिला, तर घरीं पोहोंचण्यापूर्वींच पुन्हां तेथेंच छिद्र! यासाठीं टायर चढवितांना त्यावरील नांवाचीं अक्षरें नेहमीं व्हॉल्व्हसमोर ठेवावीं. मग ट्यूबेच्या छिद्रापासून व्हॉल्व्हपर्यंत विती मोजल्या कीं काट्याची जागा सांपडते. दोन छिद्रें जोडीनें पडलीं असतील तर काटा शोधण्यांत वेळ दवडूं नये. हवा कमी असतां चाक खड्ड्यांत आदळल्याचें तें लक्षण होय. टायर धड असेल तर ट्यूबेस पांच-सहा ठिगळें असलीं तरी कांहीं बिघडत नाहीं.

टायर चिरला गेला असतां आंतून जुन्या टायराचा तुकडा घालतात; त्यास दुकानांतून ‘गेटर’ म्हणतात. चीर लहान असेल तर तात्पुरती ही युक्ति वाईट नाहीं. पण ‘तात्पुरता’ हा शब्द आपल्या इकडे फार दीर्घायुषी आहे! दिवाळीस घातलेला गेटर पाडव्यासही तेथेंच असतो, आणि त्याची कड ट्यूबेस घांसून नवेंच भोंक पाडते.

आपल्या जिल्ह्यांत टायराचा आणखी एक शत्रु आहे, आणि तो म्हणजे उभें राहणें. दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. इतके महिने सायकल भिंतीस टेकलेली असते. हवा निघून जाते, टायर रिमेखालीं दुमडतो, आणि ऊन आपलें काम करितें. परतल्यावर पाहावें तों नक्षी शाबूत, पण बगलेंत भेगाच भेगा! पूर्ण हवा भरून त्या भेगा न्याहाळाव्या. आंत धागा दिसला तर नव्यासारखा दिसणारा टायरही बाद समजावा. जातांना सायकल सीट व हँडल यांवर उलटी करून घरांत सावलींत ठेवली, तर हें नुकसान बरेंच टळतें.

आतां नवा टायर कोठें घालावा? मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून तो टायर आधीं झिजतो, आणि लोक नवा तेथेंच घालतात. आम्ही म्हणतों, पुढचा मागें न्यावा व नवा पुढें घालावा. मागचा फुटला तर सायकल डगमगते; पुढचा फुटला तर ती हातांत राहत नाहीं. मांजरसुंब्याच्या घाटाचा उतार ज्यांनीं सायकलीनें उतरला असेल त्यांस अधिक सांगणें नको.

पालकांस आमची एक विनंति आहे. घरांत दोन सायकली असतील तर सर्वांत झिजलेला टायर कोणाच्या सायकलीस आहे, हें एकदां पाहावें. बहुधा नवा टायर कर्त्या पुरुषाच्या किंवा मुलाच्या सायकलीस चढतो, आणि त्याचा उतरलेला मुलीच्या. कारण ती तक्रार करीत नाहीं. आमच्या माहितींतील आठवीची एक मुलगी एका पावसाळ्यांत तीनदां सायकल हातांत धरून चिखलांतून पायीं घरीं गेली. तिसऱ्या खेपेस घरांत ठरलें कीं, आतां सायकलही नको आणि शाळाही नको. टायराची किंमत साधारण एका दिवसाच्या मजुरीच्या घरांतली. तेवढ्यासाठीं तिची शाळा सुटत होती! अखेर तिच्या आजीनें कोंबड्या विकून टायर आणविला. ती मुलगी पुढें दहावीस बसली.

विकत घेतांना जुन्या टायरावरील अंक लिहून न्यावे. ‘अठ्ठावीस इंची’ म्हणून मिळणारे सगळेच टायर एका मापाचे नसतात. आपल्याकडील साध्या मोठ्या सायकलीच्या टायरावर २८ × १½ किंवा ४०-६३५ असें लिहिलेलें असतें. उतरलेला टायर मात्र ‘असूं दे, उपयोगीं पडेल’ म्हणून माळ्यावर ठेवूं नये, नाहीं तर तो पुन्हां एखाद्या चाकावर चढल्यावांचून राहत नाहीं. तो गल्लींतल्या लहान मुलांस द्यावा. काठीनें पळवावयास त्यांस तो झिजलेलाच बरा वाटतो.