शेजारचा ध्वजस्तंभ

परदेशी राष्ट्रप्रमुख भेटीस आले की दोन देशांचे ध्वज शेजारी शेजारी फडकतात. त्याचे नियम ‘भारतीय ध्वजसंहिता, २००२’मध्ये दिलेले आहेत. ध्वजस्तंभ समान उंचीचे असावेत; शांततेच्या काळात एका राष्ट्राचा ध्वज दुसऱ्याच्या वर नसावा; एकाच स्तंभावर दोन ध्वज नसावेत; तिरंगा रांगेच्या उजव्या टोकाला असावा. ही उजवी बाजू ध्वजाची स्वतःची. समोरून पाहणाऱ्याला तो डावीकडे दिसतो.

हे तपशील कारकुनी वाटतात खरे. मात्र यजमान कोण हे जिथे निर्विवाद असते, तिथेच ते कारकुनी राहतात. जमीन कोणाची हाच प्रश्न असेल तर एका जादा ध्वजस्तंभासाठी माणसे मरतात. १९६४ च्या जानेवारीत पनामात ती मेली.

या कथेचे मूळ १९०३ मध्ये आहे. ३ नोव्हेंबरला पनामा कोलंबियापासून वेगळा झाला आणि अवघ्या पंधरा दिवसांत कालव्याचा करार झाला. पनामाच्या वतीने त्यावर सही केली ती फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच गृहस्थाने! दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेला कायमचा मिळाला. तिथे ती ‘जणू सार्वभौम असल्याप्रमाणे’ सर्व अधिकार वापरणार होती. मराठी व्याकरणात ‘जणू’ ही उत्प्रेक्षेची खूण. इथे त्या एका ‘जणू’वर पाऊणशे वर्षे राज्य चालले. कालवा क्षेत्रात पोलीस, न्यायालये, शाळा, गव्हर्नर, सारे अमेरिकी होते आणि अर्थातच ध्वजही अमेरिकी. पनामा शहर आणि हे क्षेत्र यांच्यामधल्या रस्त्याचे नावसुद्धा ‘फोर्थ ऑफ जुलै ॲव्हेन्यू’ होते.

पनामाचे म्हणणे असे, की वापर तुमचा असेल, भूमी आमचीच आहे. मे १९५८ मध्ये विद्यार्थ्यांनी क्षेत्रात शिरून ठिकठिकाणी आपले ध्वज रोवले. १९६० मध्ये आयझेनहॉवर यांनी ‘नामधारी सार्वभौमत्वा’ची खूण म्हणून एका ठरावीक जागी पनामाचा ध्वज लावण्यास मान्यता दिली. जानेवारी १९६३ मध्ये केनेडी प्रशासन पुढे सरकले: क्षेत्रात नागरी अधिकारी जिथे जिथे अमेरिकी ध्वज लावतील, तिथे पनामाचाही लागेल.

अंमलबजावणी गव्हर्नर रॉबर्ट फ्लेमिंग यांच्याकडे होती. त्यांनी तोडगा काढला, की शाळांसमोर कोणताच ध्वज नको. कागदावर ही समानता निर्दोष आहे. प्रत्यक्षात क्षेत्रातल्या अमेरिकी रहिवाशांना वाटले, आपला असलेला ध्वज गेला. पनामावासीयांना वाटले, आपल्याला कबूल केलेला ध्वज नाकारला. शून्य आणि शून्य समान असतात, पण दोघांनी गमावलेले समान नव्हते.

७ जानेवारी १९६४ रोजी बाल्बोआ हायस्कूलच्या अमेरिकी विद्यार्थ्यांनी मनाई मोडून शाळेसमोर आपला ध्वज चढवला. अधिकाऱ्यांनी तो उतरवला, मुलांनी पुन्हा चढवला आणि रात्रभर पहारा दिला. ९ तारखेला ‘इन्स्तितुतो नासिओनाल’ या पनामी शाळेचे सुमारे दोनशे विद्यार्थी आपला ध्वज घेऊन निघाले. तो साधा ध्वज नव्हता. १९४७ च्या अमेरिकी लष्करी तळांविरुद्धच्या आंदोलनात तो मिरवला गेला होता. पोलिसांशी बोलणी होऊन मोजक्या मुलांना स्तंभापर्यंत जाण्याची परवानगी मिळाली. तिथे अमेरिकी विद्यार्थी व पालकांनी कडे केले, राष्ट्रगीत म्हटले. झटापट झाली आणि पनामाचा ध्वज फाटला. तो कसा फाटला, याचे दोन्ही बाजूंचे वृत्तांत आजही जुळत नाहीत.

ही वार्ता शहरात पोहोचताच लोक रस्त्यावर आले. तीन-चार दिवसांच्या संघर्षात वीसहून अधिक पनामावासी आणि चार अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. पहिल्या मृतांपैकी अस्कानियो आरोसेमेना हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. १० जानेवारीला राष्ट्राध्यक्ष रोबेर्तो चियारी यांनी अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले. पनामाच्या तक्रारीची चौकशी आंतरराष्ट्रीय न्यायविद आयोगाच्या त्रिसदस्य समितीने केली. आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, पण त्या तिघांत मुंबईचे विधिज्ञ नवरोज वकील होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन्सन यांनी संपूर्ण नव्या कराराची तयारी जाहीर केली. त्याला तेरा वर्षे लागली. ७ सप्टेंबर १९७७ च्या तोरिहोस-कार्टर कराराचे सातवे कलम मुद्दाम वाचावे असे आहे. पनामाचा सारा प्रदेश, अमेरिका वापरत असलेल्या जागांसह, पनामाच्या ध्वजाखाली राहील आणि तो ध्वज नेहमी मानाच्या स्थानी असेल, असे ते सांगते. अमेरिकी ध्वज ठरावीक ठिकाणी, तोही पनामाच्या ध्वजासोबतच, लावता येईल. कालवा कोण चालवणार याचे उत्तर इतर कलमांनी दिले. यजमान कोण, याचे उत्तर या कलमाने दिले. १९०३ चा ‘जणू’ इथे निकालात निघाला.

१ ऑक्टोबर १९७९ रोजी कालवा क्षेत्र संपुष्टात आले. ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवाही पनामाकडे गेला. फोर्थ ऑफ जुलै ॲव्हेन्यूला आता हुतात्म्यांचा मार्ग म्हणतात. बाल्बोआ हायस्कूलच्या इमारतीत कालवा प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्याला आरोसेमेनाचे नाव दिले आहे.